पूजेतील शस्त्र आणि हातातील शस्त्र

बंगळूर शहराच्या आग्नेय बाजूस बेळ्ळंदूर नावाचे एक विस्तीर्ण तळे आहे. या तळ्याच्या पाण्यावर एके काळी भोवतालच्या गावांची भातशेती आणि भाजीपाला पिकत असे. आज त्याच्या काठी उंच उंच इमारती आणि कचेऱ्या उभ्या आहेत. देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे तेथे राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. अशा वस्तीतील एखाद्या गृहस्थाने स्वसंरक्षणासाठी रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतले, अशी कल्पना करू. हे पिस्तूल चालविण्याचा सराव त्याने कोठे करावयाचा? शहराबाहेर त्याच्या मालकीची चार एकर झाडी असली, तरी तेथे जाऊन खोडाला कागद टाचावा आणि गोळ्या झाडाव्या, ही मोकळीक परवान्याबरोबर आपोआप मिळत नाही. चांदमारीची जागा चालवावयाची, तर तिला निराळी अनुमती लागते. सामान्य परवानाधारकाला नेमबाजीच्या संस्थेचा आश्रय घ्यावा लागतो. बहुतेकांच्या बाबतीत असे होते की, शस्त्र कपाटात राहते आणि हात कोरा राहतो.

याच बेळ्ळंदुराहून पश्चिमेस सुमारे अडीचशे किलोमीटर गेले की कोडगूचा डोंगराळ प्रदेश लागतो. तेथे कॉफीच्या मळ्यांत आणि स्वतःच्या झाडीत घरोघरची माणसे पिढ्यान् पिढ्या नेमबाजी करीत आली आहेत. कोडव समाजाला शस्त्रपरवान्याच्या कायद्यातून सूट आहे आणि या सुटीला दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. एकाच राज्यात, एका दिवसाच्या वाटेवर, शस्त्राविषयीच्या दोन इतक्या भिन्न रीती कशा नांदू लागल्या, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आपल्या महाराष्ट्राचाही त्याच्याशी जवळचा संबंध आहे. तो कसा, हे आज सांगावयाचे आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. नवरात्राच्या नवव्या दिवसाला आपण खंडेनवमी म्हणतो. खंडा म्हणजे तलवार. त्या दिवशी घरातील शस्त्रे काढावी, घासूनपुसून पाटावर मांडावी, त्यांना गंधफूल वाहावे, असा आपला जुना कुळाचार. आज बहुतेक घरांत त्या पाटावर काय असते? सुताराच्या घरी करवत आणि रंधा, शेतकऱ्याच्या घरी कोयता आणि विळा, कारकुनाच्या घरी दौत आणि लेखणी. विद्यार्थी पुस्तके मांडतात, कारखानदार यंत्राला हार घालतो. हा बदल गोड आहे, श्रमाच्या साधनांना दिलेला तो मान आहे, यात शंका नाही. परंतु पाटावरून खंडा नाहीसा झाला तो काही केवळ आपल्या आवडीने नाही. त्यामागे कायद्याचा हात होता.

कोडगूमध्ये या सणाचे भावंड शोभेल असा एक सण आहे. त्याचे नाव कैलपोळ्दु. सप्टेंबरच्या आरंभी, भाताची लावणी उरकली की तो येतो. कैल म्हणजे शस्त्र. त्या दिवशी ऐनमने, म्हणजे कुळाचे मूळ घर, माणसांनी भरून जाते. बंदुका आणि कट्यारी देवाच्या खोलीत मांडतात आणि त्यांना रानातील एक विशिष्ट फूल वाहतात. या फुलाला कोडव लोक ‘तोक पू’, म्हणजे बंदुकीचे फूल, असे म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी ती हीच. पूजा झाल्यावर घरातील वडील माणूस तरुणांच्या हाती बंदूक देतो. देताना तो जो परंपरागत उपदेश करतो, त्याचा आशय असा असतो की, वाघाची किंवा रानडुकराची उगीच खोडी काढू नये, मित्राच्या पाठीशी उभे राहावे आणि शत्रूला अडवावे. मग सारे गाव मोकळ्या मैदानात जमते. उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधलेला असतो. एकेक जण पुढे येतो, नेम धरतो आणि बार काढतो. ज्याच्या गोळीने नारळ फुटतो त्याचा जयजयकार होतो. आपल्या पाटावरचा खंडा गेला, त्यांच्या पाटावरची बंदूक राहिली. असे का झाले, हे पाहू लागले की १८५७ सालाशी येऊन थांबावे लागते.

त्या वर्षी उत्तरेत शिपायांचा उठाव झाला आणि इंग्रज सरकारने घाईघाईने निःशस्त्रीकरणाचा कायदा केला. लोकांनी आपापली हत्यारे सरकारजमा करावी किंवा नोंदवून परवाना घ्यावा, असा हुकूम सुटला. त्याची झळ आपल्या सीमेला लागून असलेल्या मुधोळ संस्थानातील हलगली या गावाला लागली. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. हलगलीत बेडर लोकांची वस्ती होती. शिकार आणि राखण हा त्यांचा व्यवसाय. हत्यार हेच त्यांचे पोट आणि हीच त्यांची प्रतिष्ठा. त्यांनी हत्यारे देण्याचे साफ नाकारले. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांच्यावर फौज चालून गेली. गाव जाळले गेले आणि पकडलेल्यांपैकी कित्येकांना फासावर चढविण्यात आले. हलगलीच्या बेडरांचे पोवाडे कन्नड मुलखात पुढे पिढ्यान् पिढ्या गायिले गेले. पुढच्याच वर्षी, मे १८५८ मध्ये, नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी उठाव केला. त्यांच्या असंतोषाची कारणे अनेक होती. दत्तकाची मंजुरी नाकारली गेली होती हे एक, आणि तोफा व दारूगोळा काढून देण्याचा तगादा लागला होता हे दुसरे. जून १८५८ मध्ये बेळगावात त्यांना फाशी झाली.

हलगलीनंतर जेमतेम सव्वातीन वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८६१ रोजी, म्हैसूर आणि कोडगू यांचे कमिशनर सर मार्क कबन यांनी एक जाहीरनामा काढला. कबन यांचे ठाणे बंगळुरास होते. तेथील प्रसिद्ध उद्यानाला आजही लोक त्यांच्या नावाने ओळखतात. जाहीरनाम्याचा आशय असा होता की, कोडव लोकांची राजनिष्ठा, त्यांचे शौर्य आणि त्यांनी सरकारला केलेले साहाय्य ध्यानात घेऊन निःशस्त्रीकरणाचा कायदा त्यांना लागू समजू नये. कबन यांच्या कारकिर्दीतील हे अगदी शेवटच्या कामांपैकी एक. पुढच्याच एप्रिलमध्ये मायदेशी जात असता सुवेझ येथे ते मरण पावले.

येथे आपण क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. ज्या कायद्यासाठी हलगलीचे गाव जाळले, त्याच कायद्यातून कोडगूला सूट मिळाली. बेडरही शूर होते आणि कोडवही शूर होते. मग फरक कशात होता? १८३४ मध्ये कंपनीने कोडगूच्या राजाला पदच्युत करून तो प्रदेश खालसा केला. तीन वर्षांनी, १८३७ मध्ये, त्या भागात कंपनीविरुद्ध बंड उठले, तेव्हा कोडव सरदारांनी ते मोडण्यास मदत केली. या सेवेबद्दल त्यांना पदके देण्यात आली होती. १८६१ ची सूट हे त्याच हिशेबातील पुढचे बक्षीस होते. शस्त्र बाळगण्याचा अधिकार सरकारने येथे माणसाचा हक्क म्हणून मानला नाही. तो राजनिष्ठेचा मोबदला म्हणून दिला. या सुटीच्या जन्मातच हा डाग आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही.

ही सूट कोणाला मिळाली, तेही पाहण्यासारखे आहे. एक तर कोडव वंशाच्या माणसांना आणि दुसरे जम्मा जमिनीच्या धारकांना. जम्मा म्हणजे राजांच्या काळापासून चालत आलेला वतनी जमिनीचा प्रकार. अशा जमिनीला सारा निम्मा, आणि त्याच्या बदल्यात बोलावणे येताच हत्यार घेऊन राजाच्या चाकरीला हजर होण्याची जबाबदारी. आपल्याकडील इनामे आणि वतने ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. पण त्याच मळ्यांत राबणारे मजूर आणि रानातील आदिवासी या सुटीच्या बाहेर राहिले.

असे असले तरी, जन्म कसाही झाला असो, त्या सुटीचा परिणाम मात्र अभ्यासनीय आहे. कोडगूमधील नेमबाजी उजेडात राहिली. ती कोणापासून लपवावयाची नव्हती, म्हणून तिच्याभोवती रीतिरिवाज निर्माण झाले. घरात मुलगा जन्मला की एक बार काढावयाचा. मृत्यू झाला की लागोपाठ दोन बार काढावयाचे. पुत्तरीच्या सणात नव्या भाताची पहिली पेंढी कापताना बार काढावयाचा. डोंगरात घरे दूर दूर असतात, तेव्हा बाराचा आवाज हाच निरोप असे. तो ऐकून शेजारी धावून येत. रानडुकरे भातात शिरली तर राखणीला बंदूक लागे. मुलगा बापाच्या आणि चुलत्याच्या नजरेखाली शिके. बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजावी, नळी माणसाकडे वळवू नये, चापावर बोट नेम धरल्यावरच ठेवावे, हे धडे कोणत्याही शाळेत देण्याची गरज पडली नाही. ज्याने गैरवर्तन केले, त्याला साऱ्या कुळापुढे जाब द्यावा लागे.

खाजगी रानात नेमबाजी करावयाची म्हणजे काय काय सांभाळावे लागते, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. पिस्तुलाची गोळी लहान असली, तरी ती मैलभर जाऊ शकते. झाडी दाट दिसते, पण झाडी म्हणजे भिंत नव्हे. दोन खोडांमधून गोळी सहज निघून जाते आणि खडकावर आपटली तर भलत्याच दिशेला उसळते. म्हणून लक्ष्याच्या मागे मातीचा उंच आणि जाड बांध असावा लागतो. लष्कराच्या चांदमारीत हा बांध आपण पाहतो. नेम धरण्याची दिशा एकच ठरलेली असावी लागते. हुकूम देणारा एकच माणूस असावा आणि त्याने थांबा म्हणताच सर्वांनी थांबावे. पलीकडून गुराखी येईल, लाकडे वेचणारी बाई येईल, याचा विचार पहिल्या गोळीच्या आधी करावा लागतो. या सर्व गोष्टींना वेळ लागतो, मोकळी जागा लागते, आणि सर्वांत अधिक म्हणजे निर्भय मन लागते. ज्याला कोणी पाहील अशी धास्ती आहे, त्याच्याकडून यांतील एकही गोष्ट धड होत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्तादांची तालीम होती. लहुजी राघोजी साळवे हे मातंग समाजातील थोर वस्ताद. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्यांचे वडील पडले होते. त्यांच्या तालमीत कुस्ती आणि दांडपट्टा यांबरोबर निशाण मारण्याचेही शिक्षण मिळे. तरुणपणी जोतीराव फुले त्यांच्याकडे शिकले. पुढे वासुदेव बळवंत फडकेही त्यांच्याकडे शिकले. जातिभेदाच्या त्या काळात एका मातंग वस्तादाच्या हाताखाली माळी आणि ब्राह्मण तरुण धडे घेत होते, हे दृश्य मनात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडेही शस्त्रविद्येला उजेडातील घर होते, हे त्यावरून दिसते.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रांचा नवा कायदा झाला. भारतीय माणसाने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा सबंध देशात गुन्हा ठरला आणि युरोपियनांना मात्र त्यातून वगळण्यात आले. नेमके याच सुमारास फडके आपल्या उठावाची सिद्धता करीत होते. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे तडफडून मेलेली पाहून त्यांच्या मनाने घेतले होते की आता बंडच केले पाहिजे. दिवसा ते लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करीत आणि उरलेल्या वेळात पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर व रानात तरुणांना हत्यारांचे शिक्षण देत. येथे तालमीची जागा रानाने घेतली आणि उजेडाची जागा अंधाराने.

या बदलाचा परिणाम काय झाला? २३ फेब्रुवारी १८७९ रोजी धामारीवर पहिला छापा पडला. फडक्यांबरोबर रामोशी होते, चार-दोन सुशिक्षित तरुण होते, पण शिकून तयार झालेली तुकडी नव्हती. तुकडी तयार व्हावयाची तर महिनोन् महिने एकत्र सराव व्हावा लागतो, दारू आणि शिसे खर्चावे लागते, बारांचे आवाज व्हावे लागतात. प्रत्येक आवाज फितुरीला आमंत्रण देतो, तेथे असा सराव होणे शक्य नव्हते. पाच महिन्यांच्या आत, जुलै १८७९ मध्ये, आजच्या कर्नाटकातील देवर नावदगी या गावी, तापाने फणफणलेल्या फडक्यांना झोपेत पकडण्यात आले. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांचे धैर्य मोठे होते. उणीव होती ती उजेडात शिकलेल्या हातांची.

पुढच्या पिढीत हा विरोधाभास अधिकच ठळक झाला. १९०९ साली मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये उघड दुकानातून पिस्तूल विकत घेतले आणि टॉटनहॅम कोर्ट रोडवरील पैसे देऊन नेमबाजी करण्याच्या जागी जाऊन ते नियमाने सराव करीत. साम्राज्याच्या राजधानीत जी गोष्ट दिवसाढवळ्या चार पैशांत मिळे, ती नाशिकच्या तरुणाला स्वप्नातही मिळणारी नव्हती. त्याच वर्षी सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात धाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. धिंग्रांच्या आणि कान्हेऱ्यांच्या मार्गाविषयी मते भिन्न असू शकतील. दोन्ही घटनांत माणसे मारली गेली, आणि दोन्ही ठिकाणी गोळी झाडणारे तरुण फासावर गेले. मला येथे दाखवावयाचे आहे ते एवढेच की, शस्त्रबंदीने शस्त्र थांबले नाही. थांबले ते शस्त्राभोवतीचे वडीलधारेपण.

उजेडातील सरावाची ही भूक क्रांतिकारकांना शेवटी संस्थानांच्या रानात घेऊन गेली. काकोरीच्या १९२५ च्या प्रकरणानंतर चंद्रशेखर आझाद झाशीच्या आश्रयाला आले. ओरछा संस्थानात सातार नदीच्या काठी हरिशंकर ब्रह्मचारी हे नाव घेऊन ते कुटी बांधून राहिले. संस्थानी हद्द असल्यामुळे ब्रिटिश पोलिसांचा डोळा तेथे तितकासा पोहोचत नसे. ओरछाच्या जंगलात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना पिस्तुलाचे शिक्षण दिले. झाशीतील त्यांच्या मंडळीत सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन हे मराठी तरुण होते आणि त्यांच्या जोडीला भगवानदास माहौर होते. पुढे जुलै १९३० मध्ये गढवालातील दुगड्डा गावाजवळच्या जंगलात आझादांनी असेच एक शिबिर घेतले. तेथे सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी एका झाडाच्या पानावर नेम धरून आपले कौशल्य दाखविल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. ते झाड पुढे स्मारक म्हणून जपले गेले.

पण रानातील सराव आणि प्रत्यक्ष प्रसंग यांत केवढे अंतर असते, हे आपल्या खानदेशातच दिसून आले. माहौर आणि मलकापूरकर यांना १९२९ मध्ये भुसावळ स्थानकावर पकडण्यात आले आणि त्यांच्यावरील खटला जळगावात चालला. फेब्रुवारी १९३० मध्ये तेथे साक्षीसाठी आणलेल्या दोघा माफीच्या साक्षीदारांवर माहौर यांनी चोरून मिळविलेल्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. दोघेही साक्षीदार वाचले. माहौर हे आझादांच्या हाताखाली तयार झालेले, चांगला नेम असलेले. तरीही असे घडले. झाडाचे पान पळत नाही, गर्दी करीत नाही, हातात बेड्या नसतात, छातीत धडधड नसते. अनुभवी शिक्षक म्हणूनच सांगतात की, स्वसंरक्षणाचा प्रसंग चार पावलांच्या अंतरावर, अपुऱ्या उजेडात, दोन-तीन क्षणांत येतो आणि जातो. शांतपणे उभे राहून निशाण फोडणारा त्या वेळी गोंधळतो. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे त्या दोन क्षणांत गोळी न झाडण्याचा निर्णय घेणे. समोरचा माणूस चोर आहे की वाट चुकलेला शेजारी आहे, हे ओळखण्याचा सराव कागदाच्या निशाणावर होत नाही.

शस्त्रबंदीचा कायदा राष्ट्राच्या मनाला लागला होता, हे सांगण्यास केवळ क्रांतिकारकच नव्हते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. अहिंसेचे उपासक महात्मा गांधी यांनीसुद्धा १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना, एका सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राज्याचे अत्यंत काळे कृत्य मानले जाईल, अशा अर्थाचे पत्रक काढले होते. निःशस्त्र केलेल्या माणसाची अहिंसा ही निवड राहत नाही, ती सक्ती होते, ही त्यांच्या मनातील व्यथा होती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये शस्त्रांचा नवा कायदा झाला. त्याने वर्णावरून केलेला भेद काढून टाकला, परवान्याची पद्धत मात्र ठेवली. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यावर शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेण्याचे बंधन घातले. सरावावाचून शस्त्र देऊ नये, हे तत्त्व कायद्याने उशिरा का होईना मान्य केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात बार काढून दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा या दोन्ही शिक्षा, ठेवण्यात आल्या. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंडसंहितेत होता, आता तो भारतीय न्यायसंहितेत आहे. त्याची जुनी मर्यादाही तशीच आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही.

आणि कोडगूची सूट? ती अजून आहे. १९५६ मध्ये कोडगू म्हैसूर राज्यात विलीन झाले, पुढे त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, तरी सूट टिकली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढविली. वंश आणि जमिनीचा प्रकार पाहून दिलेली ही सवलत समतेच्या तत्त्वाला धरून नाही, अशी तक्रार बंगळूरच्या उच्च न्यायालयापुढे गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सूट कायम ठेवली. ती अनिर्बंध नाही, मुदतीची आणि अटींना बांधलेली आहे, आणि त्या समाजाच्या जुन्या परंपरेला धरून आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता.

या तक्रारीत तथ्य नव्हते असे मला वाटत नाही. शेजारच्या मजुराच्या झोपडीत रानडुक्कर शिरले, तर त्याने परवाना मागावयाचा आणि मळेवाल्याने मागावयाचा नाही, हे न्यायबुद्धीला टोचते. परंतु म्हणून सर्वांच्या घरी बंदूक द्यावी, असा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. कोडगूमध्ये बंदुकीबरोबर ऐनमने होते, वडील होते, उपदेश होता, नारळ बांधलेले ठरलेले झाड होते. त्या भूमीने पुढे फील्डमार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या यांच्यासारखे सेनापती दिले, त्याच्या मुळाशी ही शिस्त होती. हा सगळा संसार कायद्याच्या एका ओळीने दुसरीकडे उभा करता येत नाही.

तेव्हा बेळ्ळंदूरच्या त्या गृहस्थाला काय सांगावे? हेच की, आपल्या झाडीत एकट्याने, कोणाला न कळवता सराव करण्याचा मोह त्याने टाळावा. कायद्याच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे आणि पलीकडच्या पायवाटेवरून जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याहून अधिक धोक्याचे आहे. फडक्यांना आणि आझादांना रानाचा आसरा घ्यावा लागला, कारण राज्य परके होते. आज ते कारण उरलेले नाही. आज त्याने नेमबाजीच्या संस्थेत जावे, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली शिकावे आणि इतरांच्या देखत चुकावे. ते जमत नसेल, तर शस्त्र घेऊच नये. न शिकलेल्या हातातील पिस्तूल चोरापेक्षा घरच्याच माणसाला अधिक घातक असते.

आणि आपण सर्वांनी येत्या खंडेनवमीला पाटावर कोयता, लेखणी, पुस्तक जे काही मांडू, त्याला फूल वाहताना लहुजींच्या तालमीची आठवण करावी. त्या तालमीत शस्त्र होते, पण शस्त्राच्या आधी वस्ताद होता.